फुटबॉलमधला कांगावा आणि दोन सामन्यांची बंदी: नियम आहे, तो चालत का नाही?

मधली फळी (धागाकर्ता)

पंचाला फसवण्यासाठी मुद्दाम पडणे आणि न लागलेला पाय धरून लोळणे याला आपल्याकडे ‘कांगावा’ हा नेमका शब्द आहे. खेळाच्या बाराव्या नियमानुसार हे अखिलाडू वर्तन ठरते आणि त्यासाठी पिवळे कार्ड दाखवायचे असते. त्यामुळे नियमच नाही अशी तक्रार कोणालाही करता येणार नाही. तक्रार आहे ती अंमलबजावणीची. तिच्याविषयी माझे जे मत झाले आहे ते येथे मांडतो. जाणकारांनी ते जरूर खोडून काढावे.

आघाडीच्या खेळाडूचा हिशेब मोठा सरळ आहे. बॉक्समध्ये पडलो आणि पंच फसला तर पेनल्टी मिळते, आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये चारपैकी तीन पेनल्टींवर तरी गोल होतोच. पंच फसला नाही तर बहुतेक वेळा तो हाताने ‘ऊठ’ अशी खूण करतो आणि खेळ पुढे चालू ठेवतो; क्वचित पिवळे कार्ड निघते. लाभ गोलाचा आणि जोखीम एका कार्डाची असेल, तर चांगल्या घरचा मुलगाही मोहात पडेल. त्यातली खरी विसंगती अशी की फसलेल्या कांगाव्याला शिक्षा होते आणि यशस्वी कांगाव्याला बक्षीस मिळते.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०१७-१८ च्या हंगामापासून ही विसंगती दूर करण्याचा प्रयत्न केला. पंचाची यशस्वी फसवणूक करून पेनल्टी मिळवली, किंवा प्रतिस्पर्ध्याला मैदानाबाहेर जाण्याची वेळ आणली, तर सामन्यानंतर चित्रफीत पाहून दोन सामन्यांची बंदी घालायची, असा तो नियम होता. चित्रफीत पाहणारे तिघे असत: एक माजी पंच, एक माजी प्रशिक्षक आणि एक माजी खेळाडू. तिघांचे एकमत झाले तरच आरोप ठेवला जाई. प्रीमियर लीगमध्ये या नियमाखाली पहिली बंदी एव्हर्टनच्या ओमार नियास याच्यावर आली. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी सेलहर्स्ट पार्कवर क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पहिल्या काही मिनिटांतच स्कॉट डॅनशी झालेल्या किरकोळ धक्क्यानंतर तो कोसळला, अँथनी टेलर यांनी पेनल्टी दिली आणि लेटन बेन्सने ती घेऊन बरोबरी साधली. सामना २-२ असा सुटला आणि एव्हर्टनचा दुसरा गोल खुद्द नियासनेच केला होता. पुढच्याच महिन्यात वेस्ट हॅमच्या मान्युएल लान्झिनीलाही हीच शिक्षा झाली. स्कॉटलंडमध्ये तर हा मार्ग आधीपासून होता. रेंजर्सच्या सोने अलुकोला डिसेंबर २०११ मध्ये डनफर्मलिनविरुद्धच्या पेनल्टीबद्दल दोन सामने बाहेर बसावे लागले होते.

मग २०१९-२० मध्ये प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर (सामना चालू असतानाच चित्रफीत पाहून पंचाला मदत करण्याची व्यवस्था) आले आणि आता कांगावा आपोआप संपेल, असा सर्वांचा समज झाला. तो का चुकीचा होता हे एका वर्षापूर्वीच्या विश्वचषकात दिसून गेले होते. २०१८ साली कोस्टा रिकाविरुद्ध नेमार मागे रेलून पडला, ब्योर्न कायपर्स यांनी पेनल्टी दिली, मग मैदानालगतच्या पडद्यावर पाहून ती मागे घेतली. येथपर्यंत सर्व ठीक झाले. परंतु त्या पडण्याबद्दल नेमारला कार्ड मिळाले नाही; पिवळे कार्ड मिळाले ते काही मिनिटांनी, चिडून चेंडू आपटल्याबद्दल. म्हणजे चोराकडून मुद्देमाल परत घेतला आणि त्याला घरी सोडून दिले.

माझे म्हणणे असे की सामन्यानंतरची बंदी सर्व मोठ्या लीगमध्ये हवी, ती दोन सामन्यांऐवजी चार सामन्यांची हवी, आणि व्हीएआर आहे म्हणून तिची गरज नाही हा युक्तिवाद सोडून द्यायला हवा.

---

कलम बारा

धागा चांगला आहे, पण आपण पुराव्याचा प्रश्न फार सहज ओलांडला आहे. कांगावा सिद्ध करायचा तर हेतू सिद्ध करावा लागतो, आणि चित्रफितीत हेतू दिसत नाही. दिसतो तो फक्त पाय.

ऑगस्ट २००९ मधील आर्सेनल विरुद्ध सेल्टिक हा सामना आठवून पाहावा. गोलरक्षक आर्तुर बोरुत्सने एदुआर्दोला पाडले असे पंचांना वाटले, पेनल्टी मिळाली आणि ती एदुआर्दोनेच गोलात धाडली. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी घातली आणि काही दिवसांतच अपिलात ती उठली. जगभर लाखो लोकांनी ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिले होते, तरीही बंदी टिकली नाही. एदुआर्दोचा पाय २००८ मध्ये बर्मिंगहॅमविरुद्ध किती भीषण मोडला होता हे ज्यांना आठवत असेल, त्यांना अंगावर येणारा गोलरक्षक पाहून त्याने आधीच पाय उचलून घेतला असेल ही शक्यता मुळीच हास्यास्पद वाटणार नाही. तो कांगावा नव्हता असे मी म्हणत नाही. तो कांगावाच होता असे शपथेवर सांगणारा मनुष्य मला दाखवा, एवढेच म्हणतो.

दुसरे असे की नियासवर बंदी आल्याने क्रिस्टल पॅलेसला काय मिळाले? त्यांचे दोन गुण गेले ते गेलेच. बंदीच्या काळात नियास ज्या संघांविरुद्ध खेळला नाही, त्यांना मात्र आयता फायदा झाला. शिक्षेचा लाभ तिऱ्हाइताला मिळतो अशी ही न्यायव्यवस्था आहे.

---

राईनकाठी

मी गेली अनेक वर्षे कोलोनजवळ राहतो. येथे कांगाव्याला ‘श्वाल्ब’ म्हणतात, म्हणजे पाकोळी. जमिनीलगत सूर मारणारा पक्षी. नाव इतके गोड आहे की गुन्हा वाटतच नाही.

कलम बारा यांनी मांडलेला बचाव येथे १९९५ सालीच होऊन गेला आहे. एप्रिल महिन्यात डॉर्टमुंड घरच्या मैदानावर कार्ल्सरूहविरुद्ध ०-१ ने मागे होते. आंद्रेआस म्योलर बॉक्समध्ये शिरला, बचावपटू डिर्क शुस्टर त्याच्यापासून चांगलाच लांब होता, आणि म्योलर आडवा झाला. पेनल्टीवर झोर्कने बरोबरी केली आणि सामना डॉर्टमुंडने २-१ असा जिंकला. नंतर म्योलरने सांगितले की ती ‘संरक्षक पाकोळी’ होती. शुस्टर पायावर येईल या भीतीने आपण आधीच उडी घेतली. त्या शब्दावर जर्मनी आजही हसते. जर्मन संघटनेने त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी घातली आणि १०,००० मार्कांचा दंड केला. पंचांनी पेनल्टी दिली असूनही मागाहून झालेली ती शिक्षा येथे फार गाजली.

आता पुढचा भाग पाहा. त्या हंगामात डॉर्टमुंडने विजेतेपद मिळवले ते वेर्डर ब्रेमेनपेक्षा केवळ एका गुणाने. विजयाला तेव्हा दोन गुण होते. मी यावरून काही सिद्ध करू इच्छित नाही, कारण एका हंगामात असे किती निर्णय इकडचे तिकडे होतात याची गणती नाही. पण ब्रेमेनच्या माणसाशी या विषयावर बोलताना मी जपून बोलतो.

त्याच ब्रेमेनची दुसरी आठवणही सांगायला हवी. मार्च २०१४ मध्ये न्यूरेंबर्गविरुद्ध त्यांच्या आरोन हुंटला पेनल्टी मिळाली आणि त्याने उठून पंच मान्युएल ग्रेफे यांना सांगितले की मला कोणी पाडलेले नाही. निर्णय मागे घेतला गेला. सामन्यानंतर त्याने स्वतःच कबूल केले की सुरुवातीला पेनल्टी मिळवण्याचाच विचार होता, मग ते बरे वाटले नाही.

---

माडांची सावली

गोव्यातून लिहिते आहे. शिक्षेच्या कडकपणाविषयी बोलायचे तर आमच्याकडचे २००४ सालचे प्रकरण विसरून चालणार नाही. गोव्याच्या द्वितीय श्रेणीत वरच्या श्रेणीत जाण्यासाठी दोन क्लबांमध्ये चुरस होती आणि प्रश्न गोलफरकाचा होता. अखेरच्या दिवशी विल्फ्रेड लेझरने दोना पावलावर ५५-१ असा विजय मिळवला आणि कुडतरी जिमखान्याने सांगोल्डा लायटनिंगला ६१-१ असे हरवले. दोन सामन्यांत मिळून ११८ गोल!

क्षणभर हिशेब करून पाहा. ६२ गोल ९० मिनिटांत, म्हणजे सरासरी ८७ सेकंदांना एक. त्यात चेंडू जाळ्यातून काढणे, मध्यावर आणणे, पुन्हा खेळ सुरू करणे हेही आले. मधल्या वेळेत बचावपटू काय करत असतील याची कल्पनाच केलेली बरी. गोवा फुटबॉल असोसिएशनने चारही क्लबांवर एका वर्षाची बंदी घातली. त्या वेळी कोणी हेतूच्या पुराव्याचा प्रश्न काढला नाही, कारण धावफलकच पुरावा होता.

मला यात दिसते ते असे की लबाडी जितकी ढोबळ, तितकी शिक्षा सोपी. ६१ गोल देणारा संघ सापडतो. एका सामन्यात ठरवून दोन गोल देणारा संघ सापडत नाही, आणि पोटरीला चाटून गेलेल्या पायावर तीन कोलांट्या घेणारा खेळाडू तर मुळीच सापडत नाही. त्यामुळे मधली फळी यांच्या चार सामन्यांच्या प्रस्तावाने फार फरक पडेल असे मला वाटत नाही. सापडणाऱ्यांची शिक्षा वाढेल, पण न सापडणारे तेवढेच राहतील.

---

रंकाळा

शिक्षा कडक असावी की सौम्य यावर बोलण्याआधी शिक्षा म्हणण्यासारखी तरी असावी, एवढेच माझे म्हणणे आहे. २००२ च्या विश्वचषकात उल्सानला तुर्कस्तानच्या हकान उन्सालने मारलेला चेंडू रिवाल्दोच्या मांडीवर लागला आणि तो तोंड धरून कोसळला. उन्सालला लाल कार्ड मिळून तो बाहेर गेला. रिवाल्दोला दंड झाला ११,६७० स्विस फ्रँक, बंदी शून्य. आणि त्याच स्पर्धेत तो विश्वविजेता होऊन घरी परतला. त्या पातळीच्या खेळाडूला तो दंड म्हणजे आपल्याला पार्किंगची पावती.

उलट टोकाला रोबेर्तो रोहास. १९८९ मध्ये माराकानावर चिलीचा हा गोलरक्षक ब्राझीलविरुद्ध हरत असताना प्रेक्षकांतून एक फटाका मैदानात पडला. तो त्याला लागला नव्हता, पण हातमोज्यात लपवलेल्या पात्याने त्याने स्वतःचे कपाळ कापून घेतले आणि रक्तबंबाळ अवस्थेत बाहेर गेला. सामना रद्द व्हावा हा उद्देश होता. त्याच्यावर आजन्म बंदी आली आणि चिलीला १९९४ च्या विश्वचषकाची पात्रता फेरीही खेळू दिली नाही. त्याची बंदी २००१ मध्ये उठवली गेली, तोवर त्याचे खेळण्याचे वय निघून गेले होते. देशाला शिक्षा झाली तेव्हा कोणीही पुन्हा पाते घेऊन मैदानात उतरले नाही.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर कांगावखोराची शिक्षा गॅलरीच ठरवते. तो उठेपर्यंत आणि उठल्यावरही त्याला जे ऐकावे लागते, ते या संकेतस्थळावर लिहिता येणार नाही. अर्थात तो आपल्या तालमीचा असला तर ‘लागलंय त्याला’ म्हणणारेही आम्हीच.

---

शिट्टी

मी २२ वर्षे जिल्हा पातळीवर पंचाचे काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो, लांबल्यास क्षमस्व.

टीव्हीवर दिसते तसे पंचाला काहीच दिसत नाही. खेळाडू वेगाने बॉक्समध्ये शिरतो तेव्हा मी १५ ते २० मीटर मागे असतो, बहुधा त्याच्या पाठीकडून पाहत असतो, आणि मला हवी असते ती बचावपटूचा बूट आणि आघाडीपटूची नडगी यांच्यामधली फट. ती फट बाजूने दिसते, मागून दिसत नाही. म्हणून तर पंचाने चेंडूच्या सरळ रेषेत न धावता थोडे डावीकडून धावावे असे शिकवले जाते. फट दिसली नाही की मग मी शरीराकडे पाहतो. खरोखर पाय अडकलेल्या माणसाचे हात पडताना पुढे किंवा खाली जातात, कारण तोंडावर आपटायचे नसते. कांगावा करणाऱ्याचे दोन्ही हात वर जातात, छाती पुढे येते, डोके मागे जाते आणि पाय गुडघ्यात मागे दुमडतात. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठाच्या पॉल मॉरिस यांनी या ताणलेल्या धनुष्यासारख्या आकाराचा अभ्यासही केला आहे. आम्ही जुने पंच हे अभ्यासाशिवाय ओळखत होतो, पण ओळखणे वेगळे आणि हजार माणसांसमोर त्यावर कार्ड दाखवणे वेगळे.

तिसरी खूण मागे सोडलेल्या पायाची. हुशार खेळाडू चेंडू पुढे टाकतो आणि आपला मागचा पाय मुद्दाम बचावपटूच्या वाटेत ठेवतो. स्पर्श खरा असतो, तो घडवून आणलेला असतो. व्हीएआर येथेच हतबल होते, कारण पडद्यावर स्पर्श स्पष्ट दिसतो आणि ‘उघड व ढळढळीत चूक’ नसेल तर पंचाचा निर्णय कायम राहतो.

मीही फसलो आहे. एका जिल्हा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटच्या दहा मिनिटांत मी पेनल्टी दिली आणि त्या गोलावर सामना सुटला. संध्याकाळी कोणीतरी मोबाइलवर काढलेली चित्रफीत मला दाखवली. दोघांच्या पायांत हातभर अंतर होते. पुढच्या वर्षी तोच मुलगा सामन्यापूर्वी माझ्याजवळ आला, खाली वाकून बुटाची नाडी बांधत म्हणाला, “सर, मागच्या वर्षी मला लागलं नव्हतं.” मी म्हणालो, “माहीत आहे.” त्या सामन्यात त्याला खरेच दोनदा पाडले गेले आणि दोन्ही वेळा शिट्टी वाजवायला मला क्षणभर उशीर झाला. यशस्वी कांगाव्याचा हा तोटा कोणी मोजत नाही.

आता मुद्द्याचे. मधली फळी, आपला चार सामन्यांचा प्रस्ताव मला उलट दिशेचा वाटतो. गोलरक्षकांच्या वेळकाढूपणाचे उदाहरण घ्या. चेंडू हातात सहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर बॉक्समध्ये अप्रत्यक्ष फ्री किक द्यावी, असा नियम कित्येक वर्षे होता. मी तो २२ वर्षांत एकदाही वापरला नाही, आणि तो वापरलेला पंच मला भेटलाही नाही. गोलापासून दहा पावलांवर फ्री किक देणे म्हणजे दोन-चार सेकंदांसाठी जवळजवळ गोल देण्यासारखे होते. कोणाचीही छाती होत नव्हती. २०२५-२६ च्या हंगामापासून आयफॅबने (खेळाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने) मर्यादा आठ सेकंदांवर नेली, शिक्षा कमी करून कॉर्नरवर आणली आणि शेवटचे पाच सेकंद पंचाने हात उंचावून बोटांनी मोजून दाखवावेत असे ठरवले. शिक्षा हलकी झाल्याबरोबर पंच ती देऊ लागले आणि गोलरक्षक चेंडू सोडू लागले.

इंग्लंडचा नियम अडला तो येथेच. दोन सामन्यांची बंदी आणि शिवाय ‘फसवणूक’ असा शिक्का, म्हणून तिघांचे एकमत; एकमत म्हणून आरोपच थोडे. चार सामने करा, आरोप आणखी कमी होतील.

---

कलम बारा

शिट्टी यांच्या या प्रतिसादामुळे माझा आक्षेप बराच सैल झाला आहे. शिक्षा एकाच सामन्याची असेल आणि तिच्यावर ‘फसवणूक’ असा शिक्का नसेल, तर तीनपैकी दोघांचे मत पुरेसे मानायला मी तयार आहे. पुराव्याची कसोटी शिक्षेच्या वजनाप्रमाणे बदलते, हे कोणत्याही कायद्यात मान्य असते.

एक शंका मात्र राहते. रेषा कोठे आखायची? २००९ मध्ये पॅरिसला थिएरी आन्रीने आयर्लंडविरुद्ध दोनदा हाताने चेंडू अडवला, गालासने गोल केला आणि आयर्लंड विश्वचषकाला मुकले. फिफाच्या शिस्तपालन समितीने नंतर सांगितले की हाताने चेंडू खेळणे हा गंभीर गुन्ह्यांत मोडत नाही, त्यामुळे आन्रीला शिक्षा करण्यास कायदेशीर आधार नाही. पुढच्या वर्षी जोहान्सबर्गमध्ये घानाचा शेवटच्या मिनिटातला गोल सुआरेझने हाताने अडवला. त्याला लाल कार्ड मिळाले, ग्यानने पेनल्टी क्रॉसबारवर मारली आणि उरुग्वे पुढे गेले. यांतला अप्रामाणिक कोण?

---

मधली फळी

सर्वांचे आभार. चार सामन्यांचा आग्रह मी मागे घेतो. शिट्टी यांचे गोलरक्षकाचे उदाहरण मला निरुत्तर करणारे आहे. एक सामना, दोघांचे बहुमत आणि निर्णय पुढच्या सामन्याच्या आत, असे आता माझे म्हणणे आहे. दंड मात्र नको. रंकाळा यांनी दंडाची किंमत दाखवून दिलीच आहे.

कलम बारा यांच्या प्रश्नाविषयी: सुआरेझने नियम सर्वांदेखत मोडला आणि त्याची पूर्ण किंमत दिली. त्याने कोणाला खोटे सांगितले नाही. ग्यानने चेंडू वर मारला हा त्याचा दोष नव्हे. घानाच्या लोकांना हे पटणार नाही याची मला कल्पना आहे. आन्रीचे प्रकरण मला अधिक जड जाते. चेंडू हाताला लागला हे त्याने सामन्यानंतर कबूल केले. तेच पंच मार्टिन हॅन्सन यांना गोल झाल्याबरोबर सांगितले असते तर आरोन हुंटसारखे त्याचेही नाव निघाले असते. पण न बोलणे आणि पडण्याचे सोंग करणे यांत फरक आहे, आणि मला शिक्षा सोंगाला हवी आहे. गप्प राहण्याला शिक्षा करायची तर प्रत्येक थ्रो-इनला दोन्ही संघांचे हात वर जातात, त्यांतल्या अर्ध्यांना घरी पाठवावे लागेल.

तिऱ्हाइताला लाभ होतो हा आक्षेप खरा आहे. परंतु लाल कार्डामुळे येणाऱ्या प्रत्येक बंदीचे तसेच असते आणि त्यावर आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

---

माडांची सावली

एका सामन्याच्या बंदीला माझीही संमती आहे, मात्र ती फक्त पेनल्टीपुरती नसावी. बॉक्सच्या बाहेर दोन फुटांवर पडून मिळवलेली फ्री किक व्हीएआर तपासतच नाही, आणि चांगला मारणारा असेल तर तीही अर्धी पेनल्टीच असते.

---

शिट्टी

हे खरे आहे. आणि खेळाडूंना ती रेषा पंचांपेक्षा जास्त नीट माहीत असते.